चहाच्या डोंगरात मूठभर वरकस

माझ्या थोरल्या भावाने, गणूदादाने, वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी चहाचा मळा लावायचं मनावर घेतलं, तेव्हा घरात आधी हसू झालं आणि मग भांडण. हसू अशासाठी, की चहा म्हणजे मोरीच्या सांडपाण्यावर वाढतो तो गवती चहा, एवढंच दादाला ठाऊक होतं. भांडण अशासाठी, की ज्या जमिनीत तो चहा लावणार होता ती विकून टाकावी असं त्याच्या मुलाच्या, नितीनच्या, मनात होतं.

जमीन म्हणजे मुरबाडच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याशी आमच्या माहेरची चार एकर वरकस. खाली सपाटीला भाताची खाचरं, त्यांत पाणी उभं राहतं, ती खरी जमीन. वरचा उतार, जिथे पाणी थांबत नाही, माती कमी आणि दगड जास्त, ती वरकस. तिथे नाचणी नाहीतर वरी पेरायची. नाही पेरली तरी कुणी विचारत नाही. शब्दच असा आहे, की उच्चारताना माणूस अर्धं नाक मुरडतो.

भाताचं असो की नाचणीचं, रोप करायचं तर आमच्याकडे आधी राब भाजावा लागतो. शेण, ऐनाच्या वाळक्या फांद्या, पालापाचोळा आणि वरून थोडी माती असे थर जमिनीवर पसरायचे, पाऊस यायच्या आधी पेटवायचे आणि त्या राखेत बी टाकायचं. जिथे राब भाजला ती जमीन यंदा पेरायची, हे गावाला न सांगता कळतं. आमच्या वरकस जमिनीवर सहा वर्षं राब भाजलेला नव्हता. त्यामुळे नितीन म्हणायचा, "पडूनच हाय ना?"

ही गोष्ट दोन हजार सालानंतरच्या दोन-तीन वर्षांतली. मुंबईच्या लोकांना तेव्हा आमचे डोंगर एकाएकी फार आवडायला लागले होते. जिथे आम्ही लहानपणी करवंदं तोडली तिथे फार्महाउसच्या पाट्या लागत होत्या. एक एजंट जीप घेऊन दोनदा येऊन गेला होता. दादाने त्याला आखातीचा, म्हणजे अक्षय्य तृतीयेचा वायदा दिला. त्या दिवशी हो की नाही ते सांगायचं होतं.

आणि मी? मी नितीनच्या बाजूची. मी खर्डीजवळच्या शाळेत पंचवीस वर्षं मास्तरीण. नवरा वाशिंदला कारखान्यात. वडील गेले तेव्हा मी हक्कसोडपत्रावर सही करून मोकळी झाले होते, आमच्यात बहिणी करतातच. पोराला पक्की खोली बांधायची आहे, बाप नुसता दगडांवर जीव लावून बसलाय, असं मला वाटायचं. दादाला मी चहाच्या डोंगरात घेऊन गेले ती त्याची हौस पुरवायला नव्हे. एकदा डोळ्यांनी बघेल आणि डोक्यातलं खूळ जाईल, हा माझा बेत होता. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे मी फार शहाणी वाटणार नाही.

पाकिटावरचा डोंगर

खूळ आलं कुठून, तर आमच्या राजनकडून. राजन वाशिंदला आमच्या चाळीत शेजारच्या खोलीत बारा वर्षं राहिला. तमिळ माणूस, कारखान्यात फिटर. मराठी शिकला तो चाळीतल्या बायकांकडून आणि वाशिंदच्या बाजारात, म्हणून त्याचं मराठी अस्सल आमच्याकडचं, फक्त बाईलाही तो 'बोलतो' म्हणायचा. "नाय म्हणू नकोस रे, नाही म्हण," असं मी त्याला बारा वर्षं सांगितलं. शाळेतल्या पोरांनाही तेच सांगते, दादालाही. त्यांच्यापैकी कुणीही सुधारलं नाही.

राजन नोकरी सोडून निलगिरीत कुन्नूरला बहिणीजवळ गेला आणि तिथे मोटारदुरुस्तीचं दुकान टाकलं. दर दिवाळीला तो चहापत्तीचं पाकीट पाठवायचा. पाकिटावर चित्र होतं: उतारावर हिरवी झुडपं, पाठीवर झोळ्या अडकवलेल्या बाया आणि मागे डोंगर. ते पाकीट मी भाऊबीजेला दादाला दिलं. तो चहा पीत राहिला, चित्र बघत राहिला आणि एक दिवस मला म्हणाला, "सुमे, हा डोंगर आपल्या वरकसवरचाच हाय बघ. सोंड बघ, तश्शीच. पाऊस बी आपल्याकडं कमी नाय. मंग चहा का व्हनार नाय?"

मला हसू आलं, पण खोडून काढायला मुद्दा सापडेना. शाळेत मुलांना मी हेच शिकवते: डोंगरउतार, भरपूर पाऊस, पाण्याचा निचरा. पुस्तकातलं सगळं आमच्या वरकस जमिनीला लागू होत होतं.

मे महिन्याच्या सुरुवातीला शाळेला सुट्टी लागली आणि आम्ही दोघं निघालो. आखातीला दोन आठवडे होते. दादाच्या पिशवीत एक जादा लेंगा, तांदळाच्या भाकऱ्या, सुकटीची चटणी, ते रिकामं पाकीट आणि जुन्या टोपीच्या कापडात बांधलेली दोन ओंजळी माती. वरकस जमिनीवरची. "दाखवायला," तो म्हणाला.

कुन्नूर : विळा

कोइमतूरपर्यंतची आगगाडी आणि पुढची घाटातली बस यांबद्दल सांगण्यासारखं एवढंच, की घाटात मला ओकाऱ्या झाल्या आणि दादा खिडकीबाहेर डोकं काढून झाडं मोजत राहिला. माळशेजच्या पायथ्याशी जन्म गेलेल्या माणसाला घाटाचं काय.

राजन स्टँडवर उभा होता. केस पांढरे झाले होते, बाकी तोच. "काय गो सुमनताई, उलटी झाला ना? सगल्यांना व्हतो." दादाच्या खांद्यावर हात टाकून म्हणाला, "दादा, मे हाय पन इथं थंडी हाय. तू स्वेटर आनला का नाय?" दादाने अर्थातच आणला नव्हता. पुढचे चार दिवस तो माझी शाल गुंडाळून फिरला. डोक्यावर पांढरी टोपी आणि अंगावर जांभळ्या फुलांची शाल. तिथल्या पोरांना फार मजा वाटली.

पहिला चहा राजनच्या दुकानासमोरच्या टपरीवर. टपरीवाल्याने फडक्यात पत्ती धरून वरून गरम पाणी ओतलं, तो रंग पेल्यात पडला, त्यावर दूध, आणि मग एका हातातून दुसऱ्या हातात उंचावरून उलटापालट. दादाने घोट घेतला आणि मला हळूच म्हणाला, "उकळलाच नाय गो." आमच्याकडे चहा पातेल्यात रटरटला नाही तर पाहुण्याचा अपमान समजतात. पण दुसरा घोट त्याने सावकाश घेतला आणि तिसऱ्यानंतर आणखी एक पेला मागितला.

दुसऱ्या दिवशी सकाळी राजन आम्हाला मळ्यावर घेऊन गेला. त्याची थोरली बहीण पार्वती तिथे चहा तोडते. सगळे तिला अक्का म्हणतात, म्हणून आम्हीही. सुकलेली, काटक बाई, साठीच्या आसपासची. कमरेला जाड गोणपाट बांधलेलं, पाठीवर झोळी, झोळीचा पट्टा कपाळावर. तिच्याबरोबर उतारावर आडव्या ओळीत पंधरा-वीस बाया. चित्रात होतं तसंच सगळं, फक्त चित्रात धुकं ओलं लागत नाही आणि बायांच्या पायांना बांधलेले चिरगुटांचे पट्टे दिसत नाहीत.

दादाने आल्या आल्या शालीतून एक गुंडाळी काढली. मला वाटलं माती. निघाला विळा! चांगला दाताचा, धार लावलेला, मुरबाडच्या बाजारातला. दोन दिवस माझ्या शेजारी आगगाडीत हा विळा झोपला होता आणि मला पत्ता नाही. गवती चहा आपण विळ्याने कापतो, म्हणजे मोठा चहाही तसाच कापत असतील, असा दादाचा हिशेब. शिकायचं तर आपल्या हत्याराने शिकावं म्हणून तो घेऊन आलेला.

बायांची रांग थांबली. कुणीतरी काहीतरी बोललं आणि सगळा उतार हसला. अक्काने विळा हातात घेतला, अंगठ्याने धार पाहिली, परत दिला आणि तमिळमध्ये काहीतरी म्हणाली. राजन हसत म्हणाला, "अक्का बोलतो, धार चांगला हाय. पन ह्यानं चहा कापशील तर साहेब तुला कापंल."

दादाही हसला. तो हसला की त्याचे पुढचे दोन नसलेले दात दिसतात. मला मात्र लाज वाटली, आणि लाज वाटली म्हणून स्वतःचा रागही आला.

मग अक्काने शिकवलं. शेंड्याची दोन कोवळी पानं आणि मधला कोंब, एवढंच. नखाने तोडायचं नाही, बोटांच्या पेरांनी मोडायचं. खालचं राठ पान आलं तर झोळीत टाकायचं नाही. तिचे हात झुडपांवर इतके भराभर चालत होते, की आवाज पावसाच्या थेंबांसारखा टपटप येत होता. ओळ सरळ राहावी म्हणून झुडपांच्या माथ्यावर ती एक लांब काठी ठेवायची. काठीच्या वर आलेलं तेवढंच तोडायचं. दादाने पाव तास खटपट करून मूठभर पाला जमवला. अक्काने तो तळहातावर पसरला, अर्धा निवडून फेकून दिला आणि उरलेला स्वतःच्या झोळीत टाकला. अठ्ठावन्न वर्षांचा माणूस पहिलीतल्या पोरासारखा बघत उभा होता.

"आमच्यात भाताचं असं निवडीत बसलो तर पाऊस निघून जायाचा," तो म्हणाला.

"इथं भात नाय दादा," राजन म्हणाला, "इथं रोज कापनी."

पाण्यात पाय

तिसऱ्या दिवशी आम्ही मळा पायी फिरलो. मी मागे, ते दोघं पुढे. दादाच्या डोळ्यांना जे दिसत होतं ते मला दिसत नव्हतं. मी हिरवळ बघत होते आणि तो कामं.

एका उतारावर झुडपं गुडघ्याएवढी छाटून टाकली होती. खाली फांद्यांचा खच. दादा थबकला. "एवढा पाला! अरे, एवढ्यात आमच्या अख्ख्या गावचा राब भाजून निघंल. हे भाजतात कंदी?" राजनने भाजणे हा शब्द जसाच्या तसा अक्काला सांगितला असावा, कारण ती दचकून मागे वळली आणि हात हलवून रागाने बोलू लागली. मळ्यात आग लावायची म्हणतोय हा माणूस! राजनने समजावलं, दादाने जमिनीवर बसून शेण, फांद्या, पाला, माती असे थर हातांनी करून दाखवले. अक्का बघत राहिली. मग म्हणाली, आम्ही ह्या फांद्या चुलीला नेतो, तेवढीच परवानगी आहे.

पुढे ओढ्याच्या काठाला एक उंच झाड होतं, चांगलं दोन पुरुष. बारीक पांढरी फुलं, मध्ये पिवळा गोंडा. दादाने विचारलं, हे कसलं झाड. अक्का म्हणाली, चहा. ओढ्याच्या कडेला कुणाचा हात पोचला नाही, म्हणून वाढलं. बाकीची सगळी वाढू दिली नाहीत म्हणून झुडपं.

दादाने त्या झाडाच्या बुंध्यावर तळहात ठेवला. "आपल्या ऐनागत," तो मला म्हणाला. राबासाठी दरवर्षी फांद्या तोडून तोडून आमच्याकडचे ऐन असेच बोडके खांब होऊन राहतात. ऐनाचं खरं झाड केवढं होतं ते मी शाळेच्या मागे देवराईत एकदाच पाहिलंय. मी तिथल्याच एका दगडावर बसले.

तिथूनच दादाला खालचा सपाट भाग दिसला. दोन उतारांच्या मधली चांगली रुंद, ओली जागा, आणि तिथे एकही झुडूप नाही. नुसतं गवत, दोन गाई चरताहेत.

"येवढी चांगली जागा मोकळी का ठिवली?" त्याने विचारलं.

"पानी साचतो तिथं," राजन म्हणाला. "चहाच्या पायात पानी उभा राह्यला की चहा मेला."

आमचं सगळं आयुष्य पाण्यात पाय रोवून उभ्या राहणाऱ्या पिकावर गेलं. खाचरात पाणी नाही उभं राहिलं तर आमचं वर्ष गेलं. आणि इथे उतार मोलाचा, सपाट जागा गाईंना! त्याने शाल सावरली आणि माझ्याकडे वळून पाहिलं. त्याचा चेहरा उजळला होता. माझा बेत उलटा पडत होता.

"जमंल सुमे," तो म्हणाला. "आपलं जमंल."

लाइनीतली खोली

संध्याकाळी चारला पाला वजनाला घातला आणि अक्का आम्हाला आपल्या खोलीवर घेऊन गेली. मजुरांच्या खोल्यांची एक लांब रांग, तिला लाइन म्हणतात. पत्र्याचं छप्पर, पुढे सामाईक ओटा. अक्काच्या दारापाशी तेलाचे जुने डबे मांडलेले. एकात मिरची, एकात मोगरा, एकात कोथिंबीर.

तिने कोरा चहा केला, गूळ घालून, चांगला रटरटून उकळून. दादाने पेला दोन्ही हातांत धरला. "हा आमच्यासारखा," तो म्हणाला. तीन दिवसांत पहिल्यांदा त्याला पाहुण्यासारखं वाटलं असणार. मग त्याने ती कापडाची गाठ सोडली आणि माती ओट्यावर पसरली. तांबूस, खडेदार, तिच्यात नाचणीचं एक जुनं धाट. तिथल्या काळपट ओल्या मातीपुढे फारच गरीब दिसत होती.

"इचार तिला," दादा राजनला म्हणाला. "हिच्यात चहा व्हईल का?"

हा प्रश्न घेऊन तो दीड हजार किलोमीटर आला होता. हा प्रश्न त्याच्याकडून कुणीतरी काढून घ्यावा म्हणून मी त्याला आणलं होतं.

अक्काने चिमूट उचलली, बोटांत चुरली, नाकाशी धरली. जिभेच्या टोकाला लावली. मान हलवली. राजन म्हणाला, "बोलतो, माती वाईट नाय. आंबट हाय, चहाला आंबट लागतो." दादाने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही, इतका तो अक्काच्या तोंडाकडे बघत होता. तिने विचारलं, "पाऊस?"

"लई!" दादा म्हणाला. "चार महिने दिसत नाय समोरचं."

"आणि मग?"

"मग काय?"

"दिवाळीनंतर. पोंगलला. शिमग्याला." राजन तिचे सण आमच्या सणांत घालून विचारत होता. "तेव्हा पाऊस किती?"

दादा हसला, काय वेड्यासारखं विचारते म्हणून. "शिमग्याला कसला पाऊस? शिमग्याला आमच्यात जमीन तडकते. आमी राब भाजतो तवा!"

आणि बोलता बोलता तो थांबला. उत्तर त्यानेच दिलं होतं. अक्काने काही सांगायची गरज नव्हती, तरी तिने सांगितलं, फार हळू, आजारी माणसाला सांगावं तसं. इथे दोन पाऊस. एक तुमच्याबरोबरचा, दुसरा दिवाळीच्या सुमाराचा. मधल्या महिन्यांत धुकं, दंव. चहाला थोडं थोडं पाणी वर्षभर लागतं. सात महिने कोरडे गेले तर मुळं जळतील. नाही होणार.

आता मला बरं वाटायला हवं होतं. खूळ गेलं होतं. पण दादा त्या मातीवर बोटाने उगाच रेघा ओढत बसला होता आणि मला त्याच्याकडे बघवेना. मी डब्यातल्या मोगऱ्याकडे बघत राहिले.

मग अक्कानेच विचारलं, "ही जमीन कुणाची?"

"माझी," दादा म्हणाला.

"तुझी? मालक कोण?"

"मीच. बापाची, आज्याची. आता माझी."

अक्काने राजनला पुन्हा विचारलं, बहुधा नीट ऐकलं ना म्हणून. राजनने मान हलवली. मग तिची हकिगत राजनने सांगितली, तुटक तुटक, कारण ती त्याचीही होती. त्यांचे आजोबा चहा तोडायला सिलोनला गेले. आईबाप तिथल्या मळ्यात राबले. अक्का तिथेच वयात आली. मग भारताच्या आणि सिलोनच्या सरकारांनी ठरवलं आणि त्यांना बोटीत बसवून इकडे पाठवलं. इथे पुन्हा चहाच. पिढ्यान् पिढ्या चहा, आणि एक झुडूप आपलं नाही. ही खोली मळ्याची. येत्या आवणीत, म्हणजे आपल्या श्रावणाच्या सुमाराला, वय झालं म्हणून तिचं काम संपणार आणि खोली सोडावी लागणार. राजनकडे जाईल, भाड्याच्या दोन खोल्यांत. "डब्यातली माती पन मळ्याची," राजन म्हणाला आणि हसायचा प्रयत्न केला. "ती पन ठेवून जावा लागेल बोलतो."

आपल्याकडे असलेल्या गोष्टीची लाज वाटल्यासारखा दादा म्हणाला, "तशी काय मोठी नाय. वरकस हाय नुसती."

राजन अडला. वरकस म्हणजे काय, बारा वर्षांत त्याने हा शब्द ऐकला नव्हता, वाशिंदच्या चाळीत कुणाला लागतो? त्याने माझ्याकडे पाहिलं. मास्तरीण मीच. हलकी, निकस, उरलेली, असं काहीतरी सांगायचं माझ्या जिभेवर होतं. ते का कोण जाणे, बाहेर पडलं नाही. मी म्हटलं, "जिथे पाणी उभं राहत नाही ती. डोंगराच्या अंगावरची."

राजनने सांगितलं. अक्काने ऐकलं, मग हात लांब करून समोरचा उतार दाखवला, त्याच्या मागचा, त्याच्याही मागचा, धुक्यात गेलेला. आणि एक वाक्य बोलली.

"बोलतो," राजन म्हणाला, "मग हे सगला वरकसच हाय ना?"

दादा वर बघायला लागला.

मग अक्का माझ्याकडे वळली. "आणि तुझी? तुझी पण आहे ना त्यात?"

"मी सोडली," मी म्हटलं. "सही करून दिली."

राजनने हे सांगितल्यावर तिने माझ्याकडे नुसतं पाहिलं. हक्कसोडपत्रावर सही करताना मला इतकं उघडं वाटलं नव्हतं जितकं त्या ओट्यावर वाटलं. रीत आहे, भावाला त्रास नको, असं सगळं मला सांगता आलं असतं, पण ते तमिळमध्ये कसं दिसेल कोण जाणे.

निघताना अक्काने ओट्यावरच्या मातीकडे बोट दाखवून राजनला काहीतरी विचारलं. राजन संकोचला. "ती बोलतो... ही माती तुमी परत नेनार काय? नाय नेनार तर ती डब्यात घेईल. मिरची लावंल. खोली सोडताना हा एक डबा नेता येईल तिला, बोलतो."

दादाने माती गोळा केली, कणन् कण, फटीतलीसुद्धा बोटाने काढली, आणि तिच्या ओंजळीत घातली. टोपीचं कापड झटकायला गेला, तर तेही तिने घेतलं.

परत

येताना आगगाडीत दादाने ते चहाचं पाकीट एकदाही पिशवीतून काढलं नाही. सोलापूर गेल्यावर, राजनने बांधून दिलेल्या इडलीचा शेवटचा तुकडा मोडताना, एकदम म्हणाला, "चहाचा एवढा डोंगर तिच्या पाठी, आन् तिनं माती मागितली गो."

चहाचं खूळ गेलं का, हे विचारायची मला भीती वाटली.

आखातीच्या दिवशी मी वाशिंदहून शहापूरला आणि तिथून मुरबाडची एसटी धरली. सापगावच्या पुलावरून जाताना नदी आटलेली दिसत होती, खडक वर आलेले. नितीनने आदल्या दिवशी फोन केला होता: "आते, तू ये. एजंट येतोय. बाबा तुझंच ऐकतील." मी येते म्हटलं होतं. काय बोलायचं ते सगळा रस्ता जुळवत होते, आणि जुळत नव्हतं. पोराची खोलीही खरी होती. मी त्याला लहानपणी कडेवर घेतलंय.

फाट्यावर उतरले तर समोर जीप उभी. नितीन जीपला टेकून, एजंट काळा चष्मा कपाळावर सरकवून वर बघत होता. मीही वर पाहिलं. डोंगराच्या सोंडेखालून धूर निघत होता. पांढरा, जाड, जमिनीलगत सरपटणारा. पाच-पंचवीस पावलांची एक चौकट धुमसत होती, आणि तिच्या कडेने एक पांढरी टोपी हिरवी फांदी आपटत फिरत होती, आग बाहेर जाऊ नये म्हणून. भाताच्या राबासाठी रचून ठेवलेल्या फांद्यांतल्या अर्ध्या त्याने वर नेल्या असणार. हंगामाच्या मानाने फार उशिरा. एकट्याने.

"बाई," एजंट म्हणाला, "वर वणवा लागलाय का?"

नितीन माझ्याजवळ आला. रडवेला झाला होता. "आते, तूच सांग आता. ज्यात काय व्हत नाय त्यात बाबा राब भाजताहेत. तू त्यांना म्हटलीस ना चहा व्हनार नाय?"

"म्हटलं," मी म्हणाले. "चहा होणार नाही. तुझी खोली बांधू रे, बघू कशी ती. मी आहे."

मग मी पदर खोचला, पिशवी त्याच्या हातात दिली आणि एजंटाकडे वळले.

"वणवा नाय," मी म्हटलं. "आमची वरकस हाय. राब भाजतोय."

पंचवीस वर्षं पोरांच्या तोंडचं जे 'नाय' मी दुरुस्त करत आले, ते माझ्या तोंडून गेलं होतं. नितीनने चमकून माझ्याकडे पाहिलं. मी ते दुरुस्त न करता वर चढायला लागले.